डेव्हलपमेंटल सायकोबायॉलॉजीत पाऊल टाकणाऱ्यांसाठी

डेव्हलपमेंटल सायकोबायॉलॉजी म्हणजे वाढीच्या काळात शरीर, मेंदू आणि वर्तन कसं घडत जातं याचा अभ्यास. वर्तन उपजत असतं की शिकलेलं, हा प्रश्न डोक्यात घेऊन बरेच जण या विषयाकडे वळतात. मीही तशीच आले. पण इथे रुळायचं असेल तर हा प्रश्न लवकर बाजूला ठेवावा लागतो. का, ते समजून घ्यायला या विषयातले संशोधक गिल्बर्ट गॉटलिब यांचे बदकांवरचे प्रयोग सगळ्यात आधी वाचा. मॅलार्ड जातीच्या बदकाचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं आणि आपल्या जातीच्या आईची हाक ओळखतं, आधी कधी ऐकलेली नसली तरी. उपजत म्हणून विषय इथेच मिटला असता. गॉटलिब यांनी अंड्यातल्या पिल्लाचाच आवाज बंद केला आणि त्याला भावंडांपासूनही वेगळं ठेवलं. अशा पिल्लांना आईची हाक कोणती आणि कोंबडीची कोणती, हे धड कळेना. म्हणजे अंड्यात असताना स्वतःचा किंवा भावंडांचा आवाज कानावर पडणं हे त्या ओळखीला आवश्यक होतं. हे वाचल्यावर ‘उपजत’ म्हणताना मी आजही थबकते.

अशा कामाची माणसं जिथे एकत्र येतात ती संस्था म्हणजे ‘इंटरनॅशनल सोसायटी फॉर डेव्हलपमेंटल सायकोबायॉलॉजी’. स्थापना १९६७ची, विषयाच्याच नावाचं तिचं नियतकालिक १९६८पासून निघतं. विद्यार्थ्यांना सदस्य होता येतं, आणि पीएचडीच्या सुरुवातीलाच व्हावं असं माझं ठाम मत आहे. संस्था लहान आहे हाच तिचा मोठा फायदा. मेंदूविज्ञानाच्या अवाढव्य अधिवेशनात ज्यांचं नुसतं भाषण लांबून ऐकायला मिळतं, ती माणसं इथल्या संमेलनात, तुमचं काम मांडलेल्या पोस्टरसमोर उभी राहून बोलतात.

आणि काय बोलतात, ते लक्षपूर्वक ऐका. माझ्या पोस्टरसमोर थांबलेल्या एका ज्येष्ठ बाईंनी आलेखाकडे पाहण्याआधी दोन गोष्टी विचारल्या: उंदरांची पिल्लं किती वेतांमधली (म्हणजे किती बाळंतपणांतली) होती, आणि चाचणी चालू असताना त्यांना ऊब कशी दिली? तेव्हापासून कुठलाही शोधनिबंध हातात आला की मी आधी याच दोन गोष्टी शोधते.

वेताचा मुद्दा असा. एका उंदरीची आठ पिल्लं म्हणजे आठ स्वतंत्र नमुने नव्हेत. त्यांचं गर्भाशय एक, आई एक, दूध एक. साहजिकच ती एकमेकांसारखी वागतात. त्यांना सुटंसुटं मोजलं तर नसलेला फरकही आकडेवारीत ठळक दिसायला लागतो. म्हणून प्रत्येक गटात एका वेतातला एक नर आणि एक मादी घेतात, नाहीतर विश्लेषणात वेत हा घटक धरतात. हे प्रयोग आखतानाच ठरवायचं असतं. जन्माचा दिवस शून्य धरलाय की एक, हेही वहीत लिहून ठेवा. या वयात एका दिवसाने बराच फरक पडतो.

उबेचा मुद्दा त्याहून खोल आहे. उंदराचं नवजात पिल्लू डोळे मिटलेलं, कान बंद, अंगावर केस नाहीत. एकटं ठेवलं की भराभर गार पडतं. घरट्यातून उचलून रिकाम्या भांड्यात ठेवलं तर ते तोंड उघडतं, पण आपल्याला काहीच ऐकू येत नाही. माणसाचा कान साधारण वीस किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतो. पिल्लाची हाक चाळीसच्या आसपास असते. असे आवाज आपल्याला ऐकू येतील असे करणारा डिटेक्टर लावला की शांत खोलीत एकदम कल्लोळ सुरू होतो. ही हाक भीतीची, की गारठ्याची, की दोन्हींची? तापमान मोजलंच नसेल तर याचं उत्तर देता येत नाही.

मायरन होफर या संशोधकांनी आईपासून तोडलेल्या पिल्लांमध्ये हेच फार चिकाटीने उलगडलं. पिल्लांच्या हृदयाचे ठोके मंदावतात ते दूध बंद झाल्यामुळे. नळीने थेट पोटात दूध दिलं की ते पूर्ववत होतात. हालचाल घटते ती ऊब गेल्यामुळे. ‘आईचा विरह’ म्हणून एका शब्दात सांगितलेल्या गोष्टीत असे कितीतरी वेगवेगळे धागे निघाले. मला या क्षेत्राची गोडी लागली ती याच कामामुळे.

प्राण्यांवर काम करायचं नसेल तरी जागा आहे. डिकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी १९८०मध्ये दाखवलं की जन्मून जेमतेम तीन दिवस झालेली बाळंसुद्धा आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून चोखण्याची लय बदलतात. बाळांच्या प्रयोगशाळेत मात्र वेळापत्रक बाळाचं असतं. ते झोपलं की त्या दिवसाचं काम थांबतं. तेवढा धीर आणि पालकांशी बोलायची आवड असेल तरच तिकडे जा.

प्रयोगशाळा निवडताना गाइडच्या प्रकाशनांची यादी जरूर बघा, पण तिथल्या विद्यार्थ्यांना एक विचारा: पिल्लांना घरट्यात, आईबरोबर, नुसतं बघत बसायला तुम्हाला वेळ मिळतो का? जिथे मिळतो ती प्रयोगशाळा पकडा. आणि संमेलनासाठी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट लिहाल तेव्हा पिल्लांचं वय आणि वेतांची संख्या पहिल्या तीन ओळींत येऊ द्या. वाचणारे तेच आधी शोधतात.