वजन उचलताना योग्य स्नायूवर ताण कसा आणावा

व्यायाम पाठीचा करावा आणि दुसऱ्या दिवशी दुखावेत मात्र दंड, ही तक्रार व्यायामशाळेत नेहमी ऐकू येते. त्यावर ‘स्नायूकडे लक्ष द्या’ हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कारण सांधे योग्य स्थितीत नसतील आणि वजन झेपत नसेल, तर नुसत्या एकाग्रतेने फारसे साधत नाही.

म्हणून आधी वजन कमी करावे. आपण एकदाच उचलू शकू अशा कमाल वजनाच्या साधारण ६० टक्क्यांपर्यंत, लक्ष केंद्रित केल्याने स्नायूचा सहभाग वाढतो, असे बेंच प्रेसच्या (बाकावर उताणे झोपून वजन छातीवरून वर ढकलण्याच्या व्यायामाच्या) अभ्यासात दिसले आहे. ८० टक्क्यांवर मात्र तसा फरक आढळला नाही.

लॅट पुलडाउनमध्ये, म्हणजे यंत्रावर बसून डोक्यावरचा बार खाली ओढण्याच्या पाठीच्या व्यायामात, हे नीट अनुभवता येते. मांड्या पॅडखाली घट्ट बसवाव्यात आणि बार मुठीत आवळण्याऐवजी बोटांच्या आकड्यात अडकवल्यासारखा धरावा. हात वर पूर्ण ताणलेले असताना, कोपर न वाकवता, आधी फक्त खांदे कानांपासून दूर, खाली ओढावेत. ही हालचाल जेमतेम दोन-तीन इंचांची असते, पण काखेच्या मागे, बरगड्यांच्या कडेला स्नायू आवळला जातो तो इथेच. मग हातांनी बार ओढण्याचा विचार सोडून कोपर बरगड्यांकडे न्यावेत, बार छातीच्या वरच्या भागाजवळ क्षणभर थांबवावा आणि दोन-तीन सेकंद घेत वर सोडावा. बहुतेक जण हा परतीचा टप्पा घाईत उरकतात आणि निम्मा व्यायाम वाया घालवतात. धड मागे झोकावे लागत असेल, तर वजन अजूनही जास्त आहे. तरीही जाणीव होत नसेल, तर सोबत्याला काखेमागच्या स्नायूवर बोटे टेकवायला सांगावे. स्पर्शाने नेमकी जागा लवकर कळते.

डंबेल प्रेसमध्ये (बाकावर झोपून दोन्ही हातांतली डंबेल्स वर ढकलताना) छातीऐवजी खांद्यांवर ताण येत असल्यास खांद्यांची पाती मागे घेऊन बाकावर टेकवावीत आणि कोपर धडापासून ४५ ते ६० अंशांत ठेवावेत. ग्लूट ब्रिजमध्ये (उताणे झोपून, गुडघे वाकवून नितंब वर उचलताना) मांडीच्या मागे पेटके येत असतील, तर टाचा नितंबांच्या थोड्या जवळ घ्याव्यात.

जड स्क्वॉटमध्ये (वजन घेऊन उठाबशा काढताना) मात्र एकाच स्नायूचा शोध घेऊ नये. तिथे अनेक स्नायू एकत्र राबतात आणि पायांनी जमीन खाली ढकलण्याचा विचारच अधिक उपयोगी पडतो. स्नायूतील जळजळ सामान्य असते. सांध्यात तीव्र कळ आली, तर सेट (सलग आवर्तनांची फेरी) तिथेच थांबवावा.

वजन पुन्हा वाढवताना घाई करू नये. सेटच्या शेवटच्या आवर्तनातही ताण पहिल्या आवर्तनाच्याच जागी जाणवला, तरच पुढच्या वेळी वजन थोडे वाढवावे.