एक दिवस, एक पेटी: उन्हाळी शिबिरात संग्रहालयातून पर्यावरण कसे शिकवावे

एप्रिलमध्ये परीक्षा आटोपतात आणि मे महिन्यात अनेक संग्रहालये मुलांसाठी शिबिरे भरवतात. बाहेर ऊन रणरणत असते, दालनात गारवा असतो आणि अभ्यासक्रम संपवण्याची घाई कोणालाच नसते. पर्यावरण शिकवायला इतकी निवांत संधी वर्षात क्वचितच मिळते. तरीही अशा बऱ्याच शिबिरांतून मुले कागदी पिशव्या करून आणि ‘झाडे लावा, झाडे जगवा’चे फलक रंगवून घरी जातात. हे उपक्रम चांगलेच आहेत, पण ते शाळेच्या वर्गातही होऊ शकतात. संग्रहालयापाशी दोन गोष्टी अशा असतात ज्या मुलांना इतरत्र मिळत नाहीत: खरीखुरी वस्तू, आणि ती कुठे व केव्हा मिळाली याची नोंद. शिबिराची आखणी या दोन गोष्टींभोवती करावी, असे मुंबईतल्या मुलांबरोबर काही उन्हाळे काम केल्यावर माझे ठाम मत झाले आहे.

पहिल्या वर्षी मी चाळीस मुलांना घेऊन दोन तासांत पाच दालने पालथी घातली होती. काय लक्षात राहिले, असे शेवटी विचारले तेव्हा बहुतेकांनी ‘वाघ’ असे उत्तर दिले, आणि वाघ तर त्यांना येण्यापूर्वीही ठाऊक होता. दुसऱ्या वर्षापासून एका दिवसाला एकच पेटी, म्हणजे दालनातली एकच काचपेटी, हा नियम केला, तो आजवर मोडलेला नाही.

तयारी

गट पंधरा-सोळा मुलांचा असावा, वय आठ ते बारा वर्षे, आणि दर आठ मुलांमागे एक ताई किंवा दादा. संग्रहालय सर्वांसाठी उघडण्यापूर्वीचा एक तास मिळतो का, हे व्यवस्थापनाला आधीच विचारून ठेवावे. गर्दी सुरू झाली की मुलांचे लक्ष पेटीवर राहत नाही. सकाळी साडेआठला सुरुवात केली तर पाऊण तास दालनात, पाऊण तास टेबलावरचे काम आणि उरलेला वेळ आवारातल्या झाडांखाली, असे उन्हे चढायच्या आत सगळे बसते.

शिबिराच्या आधी दालनात एकट्याने जावे आणि पेट्या निवडाव्यात. निवडताना मी तीन गोष्टी पाहते: त्या प्राण्याचा मुलांच्या परिसराशी काही संबंध आहे का, त्याच्या पाटीवर ठिकाण आणि वर्ष आहे का, आणि तेव्हापासून आजपर्यंत त्याच्या जगात काही बदलले आहे का. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या निसर्गविज्ञान विभागात रोहित (फ्लेमिंगो), धनेश, गवा, वाघ असे प्राणी त्यांच्या अधिवासाच्या देखाव्यांसह मांडलेले आहेत. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे १८६३ सालचा अजब बंगला, तिथेही निसर्गविज्ञानाचे दालन आहे. जवळ असे दालन नसले तरी अडत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी रोजच्या वापरातली जुनी भांडी आणि दिवे आहेत. एका घागरीसमोर बसून ‘ही भरायला कोण, किती लांब जात असेल आणि दिवसाला अशा किती घागरी लागत असतील’ असे विचारले, की पाण्याचा धडा तिथेच सुरू होतो.

गिधाडाचा दिवस

संग्रहालयात पेंढा भरलेले गिधाड असेल तर पहिला दिवस त्यालाच द्यावा. मुले येण्यापूर्वी पाटीवर कोरा कागद लावून ठेवावा, कारण नाव वाचले की मुलांचे पाहणे थांबते. मग सर्वांना जमिनीवर बसवून दहा मिनिटे न बोलता चित्र काढायला सांगावे. चित्र सुंदर येण्याशी आपल्याला कर्तव्य नाही. चित्र काढणाऱ्याला पक्ष्याची बोटे मोजावी लागतात, मान कुठे वळली आहे ते पाहावे लागते, आणि आपल्याला हवे असते ते नेमके हेच.

त्यानंतर प्रश्न विचारावेत, मात्र उत्तरे देऊ नयेत. मानेवर पिसे का नसतील? चोचीचे टोक वाकडे कशासाठी? शेजारी गरुड असेल तर दोघांच्या पायांची तुलना करायला लावावी. एकदा एक मुलगा दोन पेट्यांमध्ये चार वेळा ये-जा करून म्हणाला, “ताई, गरुडाची नखं आकड्यांसारखी आहेत, याची बोथट आहेत. हा पकडत नसेल, नुसता चालत असेल.” मेलेले जनावर खाणाऱ्या पक्ष्याला भक्ष्य पकडायचे नसते, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी शोधले होते. मी सांगितले असते तर ते त्याच्या वहीतले एक वाक्य झाले असते.

आता कागद काढून ठिकाण आणि वर्ष मोठ्याने वाचावे. घरी जाऊन आजी-आजोबांना, किंवा गावाकडे फोन करून, एवढेच विचारायला सांगावे: तुम्ही लहानपणी गिधाडे पाहिली होती का, कुठे, आणि शेवटची कधी? दुसऱ्या दिवशी ही उत्तरे फळ्यावर लिहिली की मुलांना स्वतःच दिसते, आजोबांच्या पिढीला जो पक्षी नेहमीचा होता तो आपण फक्त काचेआड पाहिला आहे.

कारण सांगण्याची वेळ ही. गुरांना दुखण्यावर आणि सुजेवर डायक्लोफेनॅक नावाचे औषध दिले जाई. औषध दिलेले जनावर लवकरच मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण २००४ साली शास्त्रज्ञांनी उजेडात आणले. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या, म्हणजे पाठीचा खालचा भाग पांढरा असलेल्या, गिधाडांची भारतातली संख्या तोवर नव्याण्णव टक्क्यांच्या आसपास घटली होती. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, आणि गुरांकरिता मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारे औषध उपलब्ध आहे. हा शेवटचा भाग कधीही गाळू नये. दहा वर्षांच्या मुलाला नुसता विनाश सांगून घरी पाठवणे मला योग्य वाटत नाही. कारण शोधता येते आणि कारण सापडले की काही करता येते, हेही त्याच बैठकीत त्याच्यापर्यंत पोहोचायला हवे.

गोष्ट पक्की करायला दोऱ्याचा खेळ घ्यावा. एक मूल शेतकरी, एक गाय, एक औषध, एक गिधाड, एक भटका कुत्रा, एक गावची विहीर असे गोल उभे करून, ज्याचा ज्याच्याशी संबंध त्याच्याकडे दोऱ्याचा गुंडा फेकायचा. गिधाडे नसली की मेलेली जनावरे पडून राहतात, म्हणून कुत्रा आणि विहीरही या गोलात हवीत. मग गिधाडाने खाली बसायचे आणि ज्याला ज्याला दोऱ्याचा ताण जाणवला त्याने हात वर करायचा.

पीस, गाळणी आणि तिवराचे पान

रोहित पक्ष्याच्या दिवशी टेबलावरचे काम अधिक असते. परातीत पाणी घालून त्यात मोहरी टाकावी, आणि निम्म्या मुलांना चिमटा, निम्म्यांना चहाची गाळणी देऊन एका मिनिटात कोण जास्त ‘खातो’ ते मोजावे. त्यानंतर चोच उलटी करून चिखलपाण्यातले शेवाळ गाळून घेणारा पक्षी समजावून सांगावा लागत नाही. त्याचा गुलाबी रंग या खाद्यातूनच येतो, हे सांगितले की मुले हमखास विचारतात, “मग शेवाळ संपलं तर?” या प्रश्नावरून ठाण्याच्या खाडीकडे वळावे. तिथे २०१५ साली रोहित अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. मे महिन्यात खाडीवर रोहित असतातही, पण त्यांच्या परतीचे दिवस जवळ आलेले असतात.

भरती-ओहोटी आणि चिखल पाहता लहान मुलांना थेट खाडीत नेऊ नये. त्याऐवजी तिवराची, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडाची, गळून पडलेली पाने आणावीत. तिवर नको असलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते, त्यामुळे भिंगातून पानावर मिठाचे कण दिसतात.

पिसाचा प्रयोगही याच दिवशी करावा. कोंबडीची पिसे आदल्या दिवशी साबणाने धुऊन वाळवून ठेवावीत. कोरड्या पिसावर पाण्याचा थेंब टाकला की तो मोत्यासारखा ओघळतो. मग त्याच पिसाला बोटाने गोडेतेल लावावे. तंतू एकमेकांना चिकटून झुबके होतात, मध्ये फटी पडतात आणि आता पाणी आत शिरते. थंड पाण्याने तेल जात नाही. भांड्यांच्या साबणाने जाते, पण पीस पुन्हा बोटांनी विंचरल्याशिवाय जागेवर येत नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन तेल समुद्रात सांडले आणि तिवरांपर्यंत पोहोचले, ही घटना मी पीस हातात असतानाच सांगते.

काचेपलीकडचे अवघड प्रश्न

प्रत्येक शिबिरात कोणीतरी विचारतेच, “याला आमच्यासाठी मारलं का?” हा प्रश्न टाळू नये. जुन्या काळी अभ्यासासाठी आणि शिकारीच्या हौसेपायी प्राणी मारले जात, त्यांतले काही इथे आले. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तसे करता येत नाही. आणि जे आधीच इथे आहेत त्यांच्याकडून शिकून घेणे आपल्या हाती आहे, असे मी सरळ सांगते. मुलांना खरे उत्तर पेलते.

जुन्या पेंढा भरलेल्या प्राण्यांना मुलांनी हात लावू नये, हे पहिल्याच दिवशी कारणासह सांगावे. कीड लागू नये म्हणून पूर्वी कातड्याला आतून आर्सेनिकयुक्त साबण लावीत आणि ते विष अजूनही तिथे असू शकते. हाताळण्यासाठी वेगळी पेटी करावी: सावरीचा कापूस, करंजाच्या शेंगा, निरनिराळ्या माती, दगड. रानपक्ष्यांची पिसे किंवा घरटी त्यात नकोत, कारण संरक्षित प्राण्यांचे अवशेष बाळगण्यावर कायद्याचे निर्बंध आहेत आणि ‘निसर्गातून उचलून आणा’ अशी सवयही आपल्याला लावायची नाही.

दाराबाहेर

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या, त्या वेळी नव्या असलेल्या निसर्गविज्ञान विभागात १९२६ साली पक्षितज्ज्ञ सलीम अली मार्गदर्शक व्याख्याते म्हणून लागले होते. पुढे ते पद राहिले नाही, तेव्हा ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले आणि तिथे त्यांनी सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला. ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी आणि मगच त्यांना आवारात सोडावे. प्रत्येकाने एक झाड निवडायचे. मे महिन्यात बहावा आणि ताम्हण फुललेले असतात, त्यामुळे निवड सोपी जाते. वहीत तारीख, ठिकाण, पाने, फुले, फळे आणि झाडावर दिसलेला एक जीव एवढेच लिहायचे. पेटीवरच्या पाटीवर असते तशीच ही नोंद आहे, हे मुलांच्या लगेच लक्षात येते. घराजवळच्या झाडासाठी हीच नोंद दर आठवड्याला चालू ठेवायची असेल तर ‘सीझनवॉच’ या देशव्यापी उपक्रमात ती देता येते.

शेवटच्या दिवशी पालकांना बोलवावे, पण प्रदर्शन मांडू नये. प्रत्येक मुलाने स्वतःच्या आई-बाबांना एकाच पेटीपाशी नेऊन जे पाहिले ते सांगायचे आणि ताईने लांब उभे राहायचे. चुकीचे काही ऐकू आले तरी तिथे दुरुस्त करू नये. निरोप देताना जुलैतल्या एका रविवारची तारीख वहीच्या मागच्या पानावर लिहून द्यावी. तोवर पाऊस लागलेला असतो, सुगरणींची घरटी विणायला सुरुवात झालेली असते आणि मुले आपापल्या झाडाची वही घेऊन येतात.