ताण उतरतो का, ते बघा: पहिल्या नोकरीतल्या दिवसांबद्दल

नोकरीला लागून सात महिने झाले होते. उजवीकडची दाढ ठणकायला लागली म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे गेले. दाढ किडली असणार, असं धरूनच चालले होते. त्यांनी आरसा आत घालून बराच वेळ पाहिलं, मग कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर दोन बोटं ठेवली आणि दात आवळायला सांगितले. तिथला स्नायू गाठ आल्यासारखा घट्ट होता. "कीड कुठेच नाही. झोपेत दात खाताय तुम्ही, दाढांचे उंचवटे झिजलेत," त्या म्हणाल्या. "हल्ली काही नवीन सुरू झालंय का?"

मी "नाही" म्हणाले, आणि मला ते खरंच वाटत होतं. रात्री तीनला जाग यायची, ती उकाड्यानं. कामाच्या आठवड्याच्या पहिल्या सकाळी पोट बिघडायचं, ते जेवणाच्या वेळा चुकल्यानं. घरून फोन आला की दोन वाक्यांत संपवायचे, ते दमल्यामुळे. प्रत्येक गोष्टीसाठी माझ्याकडे वेगळं कारण तयार होतं. सगळ्यांच्या मुळाशी एकच कारण असेल, हे सुचायला दाढ दुखावी लागली.

पहिल्या नोकरीत नुकतंच पाऊल टाकलेल्यांसाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, मानसतज्ज्ञही नाही. इमारतींचं स्ट्रक्चरल डिझाइन करते, त्याला आता नऊ वर्षं झाली. इथे जे आहे ते आधी भोगलेलं आणि मग वाचून, विचारून समजून घेतलेलं आहे.

कॉलेजात मला गणित कधी जड गेलं नाही. पण कॉलेजातला प्रश्न पूर्ण लिहिलेला असतो, लागणारी सगळी माहिती त्यातच दिलेली असते आणि काही महिन्यांनी गुण हातात पडतात. ऑफिसात प्रश्नच अर्धा येतो. उरलेला अर्धा कुणाकडे आहे ते हुडकावं लागतं. आपलं बरं चाललंय की नाही, हेही कुणी आपणहून सांगत नाही. मार्लीन क्रेमर या अमेरिकी अभ्यासिकेनं १९७४ मध्ये नव्या नर्सेसबद्दल लिहिताना याला 'रिअ‍ॅलिटी शॉक' म्हटलं होतं. सुरुवातीचे हरखलेले आठवडे, मग धक्का, मग हळूहळू सावरणं. नर्सिंगशी माझा काही संबंध नाही, पण हा क्रम मला माझ्याच पहिल्या वर्षाचा वाटला. तो मला वेळेवर कळला असता तर धक्क्याच्या दिवसांत 'आपली निवडच चुकली' असा निकाल मी इतक्या घाईनं लावला नसता.

ताण म्हणजे काय, याबद्दल माझ्या कामाचा मला उपयोग झाला. आमच्याकडे 'स्ट्रेस' आणि 'स्ट्रेन' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भार आल्यावर पदार्थाच्या आत जो जोर निर्माण होतो तो स्ट्रेस, आणि त्यामुळे पदार्थाचा आकार जो बदलतो तो स्ट्रेन. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून शरीराच्या ज्या प्रतिसादाचं वर्णन केलं आणि पुढे ज्याला 'स्ट्रेस' हे नाव रूढ झालं, तो इंजिनिअरच्या भाषेत खरं तर स्ट्रेन आहे. पोलादाच्या सळईवर भार टाकला की ती लांबते, भार काढला की मूळ लांबीवर येते. एका मर्यादेपर्यंत हे बिनबोभाट चालतं. मर्यादा ओलांडली की भार काढूनही ती पूर्ववत होत नाही. आणि भार मर्यादेच्या आतला असला तरी तो लाखो वेळा येत-जात राहिला तर धातू थकतो, बारीक तडा जातो.

शरीराबद्दलही शास्त्रज्ञ असंच काहीसं सांगतात. सादरीकरणाआधी छाती धडधडणं, हात गार पडणं, अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं वाढणं, यात बिघाड काहीच नाही. ती तयारी आहे, आणि काम झालं की ती ओसरायला हवी. ओसरलीच नाही, किंवा पुन्हा पुन्हा चढत राहिली, तर झीज साठत जाते. ब्रूस मॅकइवेन आणि एलियट स्टेलर यांनी १९९३ मध्ये या साठलेल्या झिजेला 'अ‍ॅलोस्टॅटिक लोड' असं नाव दिलं. म्हणून नव्या लोकांना मी 'तुला ताण आहे का?' असं विचारत नाही. त्याचं उत्तर 'आहे' असंच येणार. मी विचारते, तो उतरतो का? सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही हलके असता का? जेवताना जेवणाची चव कळते का? आवडीची गोष्ट करताना कामाचा विचार पाच-दहा मिनिटं तरी सुटतो का? सुटत असेल तर भार जड असला तरी निभेल. महिनाभर सुटतच नसेल, तर सहनशक्ती वाढवायच्या मागे लागू नका, भाराकडे बघा.

भार कशाचा होता, हे मला एका ड्रॉइंगनं दाखवलं. बीमच्या सळयांचं डिटेलिंग होतं, म्हणजे आडव्या तुळईत कुठे कुठली सळई घालायची त्याचा नकाशा, मी चार दिवस खपून केलेलं. तपासून परत आलं तेव्हा पानभर लाल शाई होती. जागोजागी गोल, बाण, प्रश्नचिन्हं. एका कोपऱ्यात नुसतंच 'का?' लिहिलेलं. त्या 'का?'कडे बघत मी रात्री नऊपर्यंत बसले. तपासणारे सर चार टेबलं सोडून बसायचे आणि सहाला घरी जायचे. विचारायला उठले नाही, कारण विचारलं तर हिला एवढंही येत नाही हे उघड होईल, असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच आले. "हे काल का नाही विचारलंस? दहा मिनिटांचं काम होतं," म्हणाले. तो 'का?' माझ्या चुकीबद्दल नव्हताच. मी सळईचा एक व्यास नेहमीपेक्षा वेगळा घेतला होता, त्यामागचं कारण त्यांना हवं होतं. माझं कारण बरोबर होतं.

रॉबर्ट कॅरासेक या अभ्यासकांनी १९७९ मध्ये मांडलेली एक गोष्ट मला या प्रसंगाच्या बरीच नंतर वाचायला मिळाली. काम खूप आहे एवढ्यानं माणूस खचत नाही. मागणी जास्त आणि स्वतःच्या हातातलं नियंत्रण कमी, ही जोडी त्याला खचवते. नव्या माणसाची जागा नेमकी तिथेच असते. कामं वरून येतात, मुदती दुसऱ्यानं ठरवलेल्या, कशाला किती वेळ लागतो याचा अंदाज नाही. अशा वेळी थोडंफार नियंत्रण मिळवायचा जवळजवळ एकच मार्ग हाती असतो, तो म्हणजे विचारणं. आणि भीतीपोटी आपण तोच बंद करून टाकतो.

म्हणून काम हातात घेतानाच तीन गोष्टी विचारायची मी सवय लावून घेतली. कधी हवंय? ढोबळ हवंय की शेवटचं, पुढे पाठवण्याजोगं? आणि असं काम आधी कुणी केलेलं आहे का, ते बघायला मिळेल का? यातल्या दुसऱ्या प्रश्नानं माझे किती दिवस वाचवले, सांगता येणार नाही. वरिष्ठांना कित्येकदा अर्ध्या तासाचा अंदाज हवा असतो आणि आपण दोन दिवस बसून कोरीव काम करतो. मध्येच अडलं तर मी स्वतःला पाऊण तास देते. तेवढ्यात सुटलं नाही तर जाऊन सांगते, की इथपर्यंत आले, हे दोन मार्ग करून पाहिले, मला वाटतं असं असावं, बरोबर आहे का? असं विचारलेल्या प्रश्नाला मला आजवर कुणी टोचून बोललेलं नाही. 'हे कसं करायचं?' एवढंच विचारलं तेव्हा मात्र एक-दोनदा बोलणी खाल्ली आहेत.

आपण फसवून इथे आलोय आणि कुणीतरी लवकरच पकडणार, ही भावना बहुतेकांना ओळखीची असेल. पॉलीन क्लॅन्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये कर्तबगार स्त्रियांशी बोलून तिचं वर्णन केलं. त्यांनी तिला 'इम्पोस्टर फेनॉमेनन' म्हटलं. हा आजार नाही. मला उपयोग झाला तो एका वहीचा. महिन्याच्या शेवटी त्या महिन्यात पूर्ण केलेली कामं मी तीत लिहायचे. 'मला काहीच येत नाही' याला उत्तर म्हणून ती पानं पुरायची. पण एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे. ही भावना दर वेळी आपल्या आतूनच येते असं नाही. साइटवरच्या बैठकीत मी एकटी बाई असायचे, मी मांडलेला मुद्दा कुणी ऐकायचं नाही आणि दहा मिनिटांनी तोच मुद्दा दुसऱ्यानं मांडला की माना डोलायच्या. अशा जागी आपण उपरे आहोत असं वाटणं हा मनाचा खेळ नव्हे. ते तिथलं वास्तव आहे. त्याचा दोष स्वतःच्या आत्मविश्वासाला देऊ नका.

झोपेबद्दल थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५७ तरुणांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटं लिहायला सांगितलं होतं. निम्म्यांनी पुढच्या दिवसांत करायची कामं लिहिली, निम्म्यांनी झालेली. करायची कामं लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले, आणि यादी जितकी नेमकी तितका फायदा जास्त दिसला. म्हणून झालेल्या कामांची वही मी महिनाअखेरीसाठी ठेवते आणि रात्री उद्याची यादी लिहिते. 'ड्रॉइंग संपवणे' असं लिहून मन शांत होत नाही. 'सकाळी आधी बीम १४ची लांबी आर्किटेक्टच्या नकाशावरून पुन्हा तपासणे' असं लिहिलं की डोकं ते सोडून देतं. कॅफीन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, तेव्हा संध्याकाळची कॉफी रात्री सोबतीला असतेच. वीसेक मिनिटं झोप आली नाही तर कूस बदलत पडून राहण्यापेक्षा उठावं, मंद उजेडात बसावं आणि डोळे जड झाले की परत यावं.

उशिरापर्यंत बसण्याचं कौतुक मात्र थांबवायला हवं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये जाहीर केलेल्या विश्लेषणानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजारानं मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. कुठल्याही कामात अडीअडचणीचे आठवडे येतातच, माझ्याही येतात. पण वर्षभर रोज अकराला घरी जाणं याला मेहनत म्हणू नका. तिथे माणसं कमी आहेत किंवा नियोजन चुकलंय.

'बर्नआउट' हा शब्द आता सर्रास वापरला जातो, म्हणून त्याचा नेमका अर्थ माहीत असलेला बरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झालं, बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही, कामाशी निगडित घटना म्हणून आहे. शक्ती संपून जाणं, कामापासून मनानं दूर जाणं किंवा त्याबद्दल कडवट होणं, आणि काम नीट होईनासं होणं, ही त्याची तीन अंगं. नैराश्य वेगळं. ते सुट्टीवरही सोबत येतं, माणसांतला, खाण्यातला, छंदांतला रस काढून घेतं. उदास वाटणं किंवा कशातच रस न वाटणं बहुतेक दिवस, दिवसातला बराच वेळ, दोन आठवडे टिकलं तर डॉक्टरांना भेटावं. आणि जगण्यात अर्थ नाही किंवा स्वतःला संपवावं असा विचार आला तर दोन आठवडे मोजत बसू नका. त्याच दिवशी जवळच्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा, हेल्पलाइनला फोन करा किंवा सरळ रुग्णालयात जा. एकटे राहू नका.

मी स्वतः नोकरीच्या अकराव्या महिन्यात यासाठी डॉक्टरांकडे गेले. दारातून दोनदा परत फिरले होते. आत काय होतं हे माहीत नसणं, हेच त्याचं मोठं कारण होतं, म्हणून सांगते. त्यांनी झोप, भूक, काम, घर, आधीचे आजार, सगळं विचारलं. नऊ प्रश्नांचा एक कागद भरायला दिला, पीएचक्यू-९ नावाचा. त्यात गेल्या दोन आठवड्यांत काय काय किती वेळा वाटलं, ते नोंदवायचं असतं. बेरीज शून्य ते सत्तावीसमध्ये येते, पण त्यांनी नुसत्या आकड्यावर काही ठरवलं नाही. रक्ततपासणी करायला सांगितली, कारण थायरॉइड किंवा रक्तातलं लोह कमी-जास्त असलं तरी असाच थकवा येतो. मला औषध लागलं नाही, आठ वेळा बोलायला जावं लागलं. माझ्या एका सहकाऱ्याला औषध लागलं. परिणाम जाणवायला त्याला काही आठवडे लागले, आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायचं नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

ऑफिसात काय सांगायचं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. आजाराचं नाव सांगायची गरज नाही. ते कुणाला सांगायचं, हे पूर्णपणे तुमच्या हातात ठेवा. पण कामाबद्दल नेमकी मागणी करा. 'मला फार ताण आहे' असं म्हटलं तर समोरच्याला काय करावं ते कळत नाही. मी सरांना म्हणाले, "तब्येतीमुळे महिनाभर मला एका वेळी दोनच कामं झेपतील. आत्ता हातात चार आहेत. कुठली दोन ठेवू?" आदल्या रात्री हे वाक्य मी कागदावर लिहून तीनदा वाचलं होतं. त्यांनी यादी मागितली, दोन कामांवर रेघ मारली आणि ती दुसऱ्याकडे दिली. वर, रोज दुपारी चारला दहा मिनिटं तुझ्या टेबलापाशी येईन, तोवर साठलेलं सगळं तेव्हाच विचार, असं सांगितलं. पुढचा महिनाभर ते येत राहिले. काही ठिकाणी असं घडत नाही. मागणी केली की टोमणे येतात, किंवा गुपचूप आणखी एक काम येऊन पडतं. दोन-तीनदा नीट सांगूनही तेच होत असेल तर दुसरी नोकरी शोधायला लागा, आणि हातची सोडण्याआधी शोधा. आपल्याला जमलं नाही असा अर्थ तेव्हा काढू नका.