कागद आधी, घाघरा नंतर

दोन हिवाळ्यांपूर्वी आम्ही उभयतांनी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले भाड्याचे घर सोडले आणि शिवपुरी रस्त्याच्या बाजूला, जिथे आमचे घर बांधले जात होते त्याच प्लॉटवर, चार मीटर लांबीच्या एका जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायच्या चाकांवरच्या खोलीत, बिऱ्हाड थाटले. दिवाळी ते होळी एवढाच प्रश्न होता. भिंतींना आतून थर्मोकोल लावला, खिडक्या झाकल्या, खालून वारा येऊ नये म्हणून चारी बाजूंनी स्कर्टिंग केले, ज्याला आमचे मिस्त्री पहिल्या दिवसापासून ‘घाघरा’ म्हणू लागले आणि मग आम्हीही तेच म्हणू लागलो. एवढे सगळे करूनही संक्रांतीच्या सुमारास पलंगाशेजारचे प्लायवूड पायाखाली दबू लागले, कारण एक गोष्ट राहून गेली होती. घाघरा लावण्याआधी ट्रेलरखालच्या जमिनीवर प्लास्टिकचा कागद अंथरायचा असतो. तो आम्ही अंथरला नव्हता. या हिवाळ्यात तोच ट्रेलर माझे मेहुणे त्यांच्या प्लॉटवर नेणार आहेत. त्यांच्यासाठी काढलेले हे टिपण इतरांच्याही उपयोगी पडावे म्हणून नीट लिहून ठेवतो आहे.

सुरुवात जागेपासून करावी, आणि ती दसऱ्याच्या सुमारास, पावसाची ओल ओसरल्यावर. जागा उंचवट्यावर असावी, सकाळचे ऊन मिळावे, दार शक्यतो वायव्येकडे नसावे, कारण इकडे थंडीची लाट येते ती त्याच दिशेच्या वाऱ्याबरोबर. ट्रेलर समपातळीत आणून धुऱ्याखाली लाकडी ठोकळे द्यावेत आणि चाकांवरचा भार कमी करावा. हे कोणताही गॅरेजवाला सांगेल. मी जिथे चुकलो ते सांगतो. आमचा ट्रेलर बांधकामापासून जेमतेम वीस पावलांवर उभा होता. विटांच्या भिंतींवर आणि स्लॅबवर रोज दोन वेळा पाणी मारले जात होते, ते वाहत येऊन ट्रेलरखाली मुरत होते, आणि पलीकडच्या शेतात गव्हाला पाणी सुटले की बांधाच्या अलीकडची जमीनही ओली होत होती. वरून पाहिले तर माती कोरडी दिसे. बोटभर उकरली असती तर कळले असते.

अशा जमिनीभोवती घाघरा लावला म्हणजे काय होते, हे समजून घेतल्याशिवाय कागदाचे महत्त्व पटत नाही. मलाही पटले नव्हते. उघड्या ट्रेलरखालून वारा खेळत असतो, तो जमिनीतून उठणारी वाफ घेऊन जातो. घाघऱ्याने वारा अडवला की ती वाफ आत कोंडते. रात्री चासीचे, म्हणजे ट्रेलरच्या तळाच्या सांगाड्याचे, लोखंड बाहेरच्या थंडीने गार पडते, त्यावर ही वाफ थेंबांच्या रूपाने जमते, थेंब लाकडी पट्ट्यांत आणि तळाच्या प्लायवूडमध्ये मुरतात, आणि दिवसा वारा नसल्यामुळे ते वाळत नाहीत. म्हणजे घाघरा जितका घट्ट, तितका तळ लवकर कुजणार. आम्ही तो फार घट्ट लावला होता आणि त्याचा अभिमानही बाळगला होता. जानेवारीत एक बाजू सोडवून टॉर्च मारला, तेव्हा चासीच्या आडव्या पट्टीवर थेंबांची रांग लागली होती आणि प्लायवूडवर पांढरी बुरशी धरली होती. पलंगाखालच्या खणात ठेवलेली सासूबाईंच्या हातची गोधडी खालून ओली झाली होती. त्याबद्दल जे ऐकावे लागले ते या टिपणाचा विषय नाही.

म्हणून कागद. तो शेतीच्या सामानाच्या दुकानात काळ्या पॉलिथिनचा मिळतो. किमान १५० मायक्रॉनचा घ्यावा, २५० चा मिळाला तर अधिक बरे, आणि शेततळ्याचा कागद कुणाकडे उरला असेल तर मागून आणावा. काळाच घ्यावा, पारदर्शक कागदाखाली गवत उगवते. जमिनीवरचे खडे, काटक्या आणि बांधकामाचे खिळे वेचून टाकावेत, आणि बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्यावा. एक ताव पुरला नाही तर दुसरा त्यावर किमान एक फूट चढवून जोड चिकटपट्टीने बंद करावा. कडा घाघऱ्याच्या आतल्या बाजूने अर्धा फूट वर घ्याव्यात आणि वरून विटा ठेवाव्यात. खिळे ठोकू नयेत. ज्या कागदाला भोके पाडायची तो अंथरून काय उपयोग. हे काम घाघरा लावण्याआधी करायचे आहे. नंतर ट्रेलरखाली पालथे पडून, कोपरांवर सरपटत कागद ओढत न्यावा लागतो, आणि मी तो न्यावा लागलेला माणूस आहे.

कागद अंथरला, तरी बांधकामाचे पाणी त्यावरून वाहू द्यायचे नाही. ट्रेलरच्या बांधकामाकडच्या बाजूला वीतभर खोल चर खणून पाणी दुसरीकडे वळवावे. मिस्त्रींना हे पहिल्या दिवशी सांगावे आणि दर आठवड्याला पुन्हा सांगावे.

आता भिंती. जुन्या ट्रेलरची भिंत म्हणजे बाहेर पातळ पत्रा, आत पातळ प्लायवूड आणि मध्ये नावाला काहीतरी. आमच्या ट्रेलरचे छत, तळ आणि चारी भिंती मिळून पृष्ठफळ सुमारे ४० चौरस मीटर भरते. बाहेर ४ अंश आणि आत २० अंश ठेवायचे म्हटले तर अशा उघड्यावाघड्या भिंतींतून साधारण २,५०० वॅट उष्णता निघून जाते. २५ मिलिमीटर जाडीचा चांगला थर्मोकोल सगळीकडे लावला तर हाच आकडा साधारण ७५० वॅटवर येतो, खिडक्या आणि फटी वेगळ्या. म्हणजे पहिल्या इंचातच बहुतेक काम होते. दुसऱ्या इंचासाठी आतली जागा घालवू नये. नेहमीच्या पांढऱ्या थर्मोकोलपेक्षा एक्सपीएसच्या, म्हणजे दाट फोमच्या, रंगीत पाट्या अधिक घट्ट असतात, पाणी कमी पितात, आणि तळाला तर त्याच लावाव्यात. चकचकीत फुग्यांचा कागद (चंदेरी बबल रॅप) पुष्कळजण एवढ्यानेच भागेल अशा समजुतीने लावतात. त्याच्यासमोर हवेची पोकळी नसेल तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. रबर सोल्यूशन जातीचा गोंद थर्मोकोलला लावू नये, तो थर्मोकोल खातो. एका दुपारी आमच्या अर्ध्या छताला खळगे पडले. आणि थर्मोकोल पेट घेतो, तेव्हा ओट्याजवळ तो उघडा ठेवू नये, वरून प्लायवूड लावावे.

पाट्यांमधल्या फटी आतल्या बाजूने चिकटपट्टीने बंद केल्याच पाहिजेत. आतली दमट हवा त्या फटींतून मागच्या गार पत्र्यापर्यंत पोहोचली की तिथेही तेच घडते, जे खाली कागदाअभावी घडले.

खिडक्यांना फुग्यांचे प्लास्टिक पाणी शिंपडून चिकटवावे, रात्री जाड पडदे सोडावेत. छतावरच्या झरोक्यासाठी उशीएवढी गादी शिवून घ्यावी, पण ती काढता येईल अशी. ती कायमची ठोकायची नाही, त्याचे कारण पुढे येते.

दोन माणसे एका लहानशा पेटीत झोपतात तेव्हा रात्रभरात त्यांच्या श्वासातून आणि घामातून अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत मिसळते. गॅसवर स्वयंपाक केला तर त्यात भर पडते, कारण एक किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ तयार होते. ही ओल बाहेर घालवण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे हवा बदलणे. इथे आमच्या नातेवाइकांचा ठाम आक्षेप असे, की बाहेर एवढे धुके असताना खिडकी उघडली तर ओल आत येईल. हे चूक आहे. ५ अंशांची धुक्याची हवा पुरती दमट असली तरी तिच्यात घनमीटरला जेमतेम सात ग्रॅम वाफ असते. तीच हवा आत येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची वाफ धरून ठेवण्याची क्षमता सतरा ग्रॅमवर जाते, म्हणजे ती कोरडी ठरते आणि आतली ओल शोषून बाहेर नेते. तेव्हा सकाळी आणि रात्री स्वयंपाकानंतर दहा मिनिटे झरोका आणि समोरची खिडकी उघडावी, धुके असो वा नसो. गादीखाली लाकडी पट्ट्यांचा सांगाडा ठेवावा, सपाट फळीवर गादी टाकली तर तिची खालची बाजू ओली होते.

आणि आता घाघरा. कागद अंथरला असेल तरच पुढचे वाचावे.

जुने फ्लेक्सचे फलक याला उत्तम. निवडणुका आटोपल्या की ते ढिगाने मिळतात, जाड असतात, आणि छापील बाजू आत केली की कुणाचा चेहराही दिसत नाही. लोखंडी पाइपचा किंवा बांबूचा हलका सांगाडा करावा आणि फ्लेक्सच्या कडेला रिंगा ठोकून तो दोरीने त्यावर ओवावा. स्क्रूने थेट ट्रेलरच्या अंगाला बसवू नये, कारण माणसे आत-बाहेर करताना ट्रेलर हलतो आणि भोके मोठी होत जातात, मग पुढच्या पावसाळ्यात तीच गळतात. खालचा फूटभर भाग जमिनीवर बाहेरच्या बाजूला आडवा पसरून त्यावर विटा ठेवाव्यात. उत्तर आणि पश्चिम या बाजू आधी करून घ्याव्यात, आणि त्यांना आतून थर्मोकोल द्यावा. कडब्याच्या किंवा भुशाच्या पेंढ्या रचण्याचा सल्ला कुणीतरी देतोच. त्या स्वस्त असतात हे खरे. पण उंदीर, ओल आणि एखादी ठिणगी, यांपैकी एकाचाही बंदोबस्त आपल्याकडे नसतो.

समोरासमोरच्या दोन बाजूंना वीतभर रुंदीची जाळी लावलेली तोंडे ठेवावीत, जमिनीलगत. हे दोन कारणांसाठी. कागद असला तरी थोडी ओल येतेच, ती निघून जावी. आणि स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तो तळाशी उतरून घाघऱ्याच्या आत साचतो. याच कारणासाठी ट्रेलरच्या तळात गॅस बाहेर पडण्यासाठी जी मुळातली जाळी असते ती थर्मोकोलने बुजवू नये, आणि सिलिंडर घाघऱ्याच्या आत ठेवू नये. एका बाजूला हात आणि टॉर्च आत जाईल असे झापड ठेवावे. आम्ही ते ठेवले नव्हते, म्हणूनच कुजलेला तळ पायाला लागेपर्यंत आम्हाला पत्ता नव्हता. डिसेंबरमध्ये एकदा जरी खाली वाकून पाहिले असते तरी मिस्त्रींना फक्त कागदाचे पैसे द्यावे लागले असते, तळाचे नव्हे.

कोळशाची शेगडी आत आणायची नाही. थोडा वेळ नाही, दार किलकिले ठेवून नाही, पाहुणे आले म्हणून नाही. तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेला माणूस उठत नाही. उत्तरेत दर हिवाळ्यात माणसे अशी जातात. त्याचा इशारा देणारा बझर बाजारात मिळतो, तो घ्यावा. उबेसाठी तेलाचा विजेचा हीटर पुरतो. २,००० वॅटचा हीटर जवळजवळ ९ अँपिअर घेतो, तेव्हा त्याला १६ अँपिअरचे सॉकेट आणि जाड वायर हवी. बांधकामावरच्या तात्पुरत्या जोडणीतून काढलेल्या वेटोळ्या एक्स्टेंशनवर तो चालवू नये. वेटोळे तापते.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात. ट्रेलरमध्ये हिवाळा काढण्याच्या परदेशी याद्यांत निम्मी जागा पाण्याच्या नळ्या गोठू नयेत यासाठी खर्ची पडलेली असते. ग्वाल्हेरला तेवढी थंडी सहसा पडत नाही, म्हणून मी ते पान उलटले, आणि कागदाची ओळ त्याच पानाच्या तळाशी होती. आपण पाने उलटू नयेत. जमिनीवर सतरंजी, तिच्याखाली चटई. टायरला ऊन लागू नये म्हणून पोती. दाराच्या रबराला ग्रीस नको, पावडर. अग्निशामक दाराजवळ. उंदरांसाठी पिंजरा. वायरी पाहून घेणे. औषधे, टॉर्च, रजया हे सांगायला नको.

दिवाळीनंतर पहिला आठवडा राहून पाहावे आणि दर पंधरवड्याला झापड उघडून चासीच्या लोखंडावरून हात फिरवावा. हात ओला झाला तर दोन्ही तोंडे मोठी करावीत, चर तुंबला आहे का ते पाहावे, आणि कागद कुठे फाटला आहे ते शोधून वर दुसरा तुकडा टाकावा.