परतीच्या पावसात आंबोलीला निघण्याआधी

गणपती गेले की आंबोलीच्या धबधब्यावरची गर्दी ओसरते. अळंब्या-बेडकांचे फोटो काढायला कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांसाठी तिथून दसऱ्यापर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले, असं माझं ठाम मत आहे. आषाढात धुकं इतकं असतं की दहा पावलांवरचं झाड दिसत नाही, आणि दिवाळीनंतर जमीन वाळते. मधल्या या दिवसांत ऊनही मिळतं आणि ओलही टिकून असते. तारीख मात्र कॅलेंडर बघून नाही, पाऊस बघून ठरवा. एक दमदार सर पडून गेली की दोन-तीन दिवसांनी कुजक्या ओंडक्यांवर अळंब्या फुटतात. सलग आठवडाभर कडक ऊन पडलं असेल तर बेत पुढे ढकला. परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर आणि विजा घेऊन येतो, म्हणून उघड्या सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं काम सकाळी उरकायचं. ढग गडगडायला लागले की ट्रायपॉड मिटायचा आणि खाली यायचं, मग समोर काहीही असो.

आता सामान. सगळी तयारी ओलीची आहे हे एकदा मनाशी धरलं की काय घ्यायचं ते आपोआप सुचतं. वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारं हे गाव. तिथे हवाच ओली असते. कॅमेऱ्याच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या हव्यात, लेन्स पुसायला जुन्या धोतराचे मऊ तुकडे चार-पाच, आणि प्रत्येक वस्तूसाठी वेगळी प्लास्टिकची पिशवी. गाडीतल्या एसीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की काचेवर धुकं धरतं. उतरण्याआधी पंधरा मिनिटं एसी बंद करून काचा खाली करा. अगदी जवळून फोटो घ्यायची मॅक्रो लेन्स असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलला लावायची चिमट्याची लेन्सही खूप काही दाखवते. पोलरायझर फिल्टर जरूर घ्या, अळंबीच्या ओल्या छत्रीवरची चकाकी त्यानं जाते आणि खरा रंग दिसतो. फ्लॅशवर लावायला बटर पेपर. आणि पोटावर झोपायला गोणपाट किंवा जाड प्लास्टिक, कारण इथलं बहुतेक सगळं घोट्याच्या उंचीवर असतं. उभ्यानं काढलेल्या फोटोत अळंबीचं फक्त टोपण येतं.

खिशातला छोटा आरसा मला लेन्सइतकाच महत्त्वाचा वाटतो. छत्रीच्या खाली पापुद्रे आहेत की बारीक छिद्रं, ते न उपटता आरशात दिसतं, आणि ओळख पटवायला तेच लागतं. प्रत्येक अळंबीचे निदान चार फोटो हवेत: वरून, बाजूनं, खालून, आणि ती कशावर उगवली आहे त्याचा. मेलेलं लाकूड, जिवंत खोड, शेण, वारूळ, नुसती माती. हे वहीत लिहा, कोणतं झाड तेही लिहा. शेजारी रुपयाचं नाणं ठेवून एक फोटो घ्या. उशीर करू नका. एकदा सकाळी नऊला शेणावरची एक राखाडी छत्री सापडली, नखाएवढी. कडेवर थेंब, आणि राईच्या दाण्याएवढी एक गोगलगाय ती कडा कुरतडत होती. मी चहा पिऊन आलो तोवर छत्री मान टाकून काळी पडली होती. आणि फोटोवरून ओळखून खायचा विचार मनातही आणू नका.

अंधारात चमकणारी बुरशी बघायची असेल तर भीमाशंकर किंवा गोव्यातलं म्हादईचं जंगल, आणि रात्र सर्वपित्री अमावास्येच्या आसपासची. अभयारण्यात रात्री शिरायला वनखात्याची परवानगी लागते, ती आधी घ्या आणि स्थानिक वाटाड्या सोबत ठेवा. विजेरीच्या उजेडात फोकस करून तो हातानं पक्का करायचा, मग विजेरी बंद. शटर ३० सेकंद, आयएसओ १६०० ते ३२००. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं द्या. तो फिकट हिरवा उजेड पहिल्यांदा दिसतो तेव्हा बरोबरचे सगळे आपसूक गप्प होतात.

पायात गमबूट, अंगात पूर्ण बाह्या. चापडा हा विषारी साप फांदीवर गुडघ्यापासून छातीच्या उंचीपर्यंत तासन्‌तास निश्चल बसतो. हिरवा असतो, तपकिरी असतो, पिवळाही असतो. व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेला असताना आधारासाठी फांदी धरायची सवय आजच सोडा. तो चावलाच तर सावंतवाडी घाट उतरून ३० किलोमीटर आहे, हे लक्षात असू द्या. जळवांसाठी मिठाची पुरचुंडी चालते, पण बेडकाच्या जवळपास मीठ सांडू नका. डासांचं मलम लावलेल्या हातांनी बेडूक तर अजिबात उचलू नका. त्याची कातडी सगळं शोषून घेते. सड्यावरचे दगड उलटवू नका. आंबोली टोड हा बेडूक या गावाच्या नावानं ओळखला जातो, २००९ साली त्याची नोंद झाली, तो जगात इथल्याच आसपास सापडतो आणि अतिशय धोक्यात आहे. तो असल्याच दगडांखाली लपतो. फोटोसाठी प्राणी हलवणारा कुणी बरोबर येत असेल तर त्याला घरीच राहू द्या.

परत आल्यावरचं कामही यादीतच धरा. कॅमेरा, लेन्स पुसून सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात. श्रावणभर कातडी पिशवीत विसरलेल्या माझ्या एका लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती, ती पुन्हा नीट झाली नाही. गमबुटांचे तळवे ब्रशनं घासून उन्हात कडकडीत वाळवा आणि मगच दुसऱ्या जंगलात घाला. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी ओल्या चिखलातूनही एका ओढ्यावरून दुसऱ्या ओढ्यावर जाते.