पाण्यातलं तणनाशक मोजताय? या चुका टाळा

नदीच्या पाण्यात तणनाशक पहिल्या दिवशी 2 मायक्रोग्रॅम प्रति लिटर, दहाव्या दिवशी 0.5. लगेच ‘विघटन झालं’ असं लिहून मोकळं व्हायचं, ही या कामातली सगळ्यात महागडी घाई. रेणू तुटला असेलही. पण तो बाटलीला चिकटला असेल, गाळात बसला असेल किंवा पावसाने नदी फुगून नुसता पातळ झाला असेल.

बाटलीची निवड बरेच जण गांभीर्याने घेतच नाहीत. ग्लायफोसेट काचेला धरून बसतं, म्हणून त्याला पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीई या प्लास्टिकची बाटली. पॅराक्वाटलाही साधी काच चालत नाही. याउलट ट्रायफ्लुरालिन, पेंडीमिथॅलिन ही पाण्यात जेमतेम विरघळणारी संयुगं प्लास्टिकमध्ये मुरतात. त्यांना गडद तपकिरी काच हवी. एकाच बाटलीत सगळं उरकू नका.

आम्ल टाकलं की नमुना टिकतो, हेही अर्धंच खरं. सूक्ष्मजीव थंडावतात, पण मेटसल्फ्युरॉन-मिथाइलसारखी सल्फोनिलयुरिया तणनाशकं आम्लात अधिक वेगाने तुटतात. टिकवायला घातलेलं आम्लच नमुना खातं! नमुना 4 अंश सेल्सिअसच्या आसपास अंधारात ठेवावा आणि तपासणी लांबवू नये.

गढूळ पाणी गाळलं की कणांना चिकटलेला अंश गाळणीवर राहतो. गाळायला हरकत नाही. फक्त आकडा ‘विरघळलेल्या’ भागाचा आहे, हे अहवालात लिहा.

एलसी-एमएस-एमएसवर (पदार्थ वेगळे करून त्यांचे आयन मोजणारं यंत्र) आकडा संशयास्पद कमी येतोय? आधी ह्युमिक पदार्थांवर, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून पाण्यात आलेल्या संयुगांवर संशय घ्या. ते यंत्रातलं तणनाशकाचं आयनीकरण दाबतात, त्यामुळे शुद्ध पाण्यात काढलेला कॅलिब्रेशन वक्र (यंत्राच्या संकेतावरून प्रमाण काढायचा आलेख) नदीच्या पाण्याला लावला की फसगत ठरलेली. समस्थानिकाने चिन्हांकित केलेलं अंतर्गत मानक, म्हणजे त्याच तणनाशकाचा जड अणू असलेला, ठरावीक मात्रेत नमुन्यात घातलेला जोडीदार, वापरणं उत्तम. ते परवडत नसेल, तर त्याच पाण्यात ठरावीक मात्रा मिसळून ती किती परत मिळते ते पाहा.

आता मूळ प्रश्न: रेणू तुटला की नाही? त्यासाठी विघटनातून तयार होणारे पदार्थही मोजावे लागतात. ॲट्राझिनसोबत डिसइथिलॲट्राझिन आणि हायड्रॉक्सीॲट्राझिन, ग्लायफोसेटसोबत एएमपीए. मात्र एएमपीए डिटर्जंट आणि शीतकरण यंत्रणेतल्या फॉस्फोनेटमधूनही येतं. सांडपाण्याचा नाला मिळतो त्याच्या पुढच्या प्रवाहात घेतलेल्या नमुन्यात ते सगळं ग्लायफोसेटच्या नावावर टाकू नका.

प्रयोगशाळेत प्रकाशाचा परिणाम तपासताना तेच पाणी अंधारातही ठेवा, आणि निर्जंतुक केलेला एक संच वेगळा ठेवा. तुलनेला काही नसेल तर सूर्यप्रकाशाचं श्रेय जिवाणूंना किंवा उलटं जातं. निर्जंतुकीकरणासाठी सोडियम अझाइड मात्र इथे नको: ते सिंगलेट ऑक्सिजन (प्रकाशामुळे पाण्यात तयार होणारा क्रियाशील ऑक्सिजन) संपवतं आणि प्रकाशामुळे होणारं विघटनच मंदावू शकतं.

शेवटी गणित. मोजमापाच्या मर्यादेखालचे आकडे शून्य धरले की अर्धायुष्य (प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) खोटं लहान दिसू शकतं. शिवाय प्रमाणाच्या लॉगॅरिदमचा वेळेनुसार काढलेला आलेख सरळ नसेल, तर अर्धायुष्याचं 0.693 भागिले के (के म्हणजे घटीचा वेग) हे सूत्र त्यावर लादू नका. आधी वेगवान, मग मंद अशी दोन टप्प्यांची घट नैसर्गिक पाण्यात नवलाची नाही.