चांगली चाल दिसली की खेळायची, का अजून शोधायचं?

सोलापुरात रविवारच्या बुद्धिबळाच्या रॅपिडला (कमी वेळाच्या डावांच्या स्पर्धेला) बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटकडनं पोरं येतात, त्यात दोन तऱ्हा कायम दिसतात. एक जण बरी चाल दिसली की लगेच हात घालतो, आणि दुसरा प्रत्येक चालीला बेस्टच पाहिजे म्हणून बसून राहतो मग विसाव्या चालीलाच घड्याळ संपत आलेलं असतं. दोघंही हातातले डाव घालवतात, वाईट वाटतं बघून.

आधी घड्याळाचा हिशोब करा. १५ मिनिटं अधिक १० सेकंद (प्रत्येकाला १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद जादा) असेल आणि डाव ४० चालींचा धरला तर एका चालीला सरासरी ३२च सेकंद येतात. म्हणजे खोल विचार डावात तीन-चार वेळाच परवडतो, तो कुठं करायचा हेच शिकायचंय.

शह, मार किंवा मोठी धमकी शक्य असेल तिथं थांबा. उदाहरण मांडूनच बघा, आपण पांढरे, जोडीत आधी आपली चाल मग काळ्याची, आणि ई४ वगैरे ही पटावरच्या घरांची नावं: ई४ ई५, घोडा एफ३ डी६, उंट सी४ उंट जी४, घोडा सी३ जी६. इथं एच३ चांगलीच चाल आहे, कुणी नावं ठेवणार नाही. पण घोड्यानं ई५चं प्यादं मारलं तर? काळ्यानं उंटानं आपला वजीर घेतला की उंट एफ७ शह, राजा ई७, घोडा डी५ आणि मात! वजीर न घेता त्यानं घोडाच मारला तर आपला वजीर जी४चा उंट खातो, एक प्यादं वर, म्हणजे एका प्याद्यानं पुढं. हा लेगालचा मेट, म्हणजे लेगाल या फ्रेंच खेळाडूच्या नावाची मात, अठराव्या शतकातली. आता काळ्यानं जी६ऐवजी घोडा सी६ खेळलाय असं धरा, तर तीच चाल चूक आहे, कारण तो घोडा ई५वर मारतो, जी४चा उंटही राखतो आणि आपलं मोहरं गेलं. म्हणून भारी चाल दिसली की समोरच्याचं प्रत्येक उत्तर तपासा, अर्धवट शोधण्यापेक्षा एच३ परवडली.

शांत पोझिशनला दोन-तीन चाली निवडा, मोहरं फुकट जात नाही ना बघा आणि खेळा. एक हत्ती वर असाल तर सगळ्यात झटपट मात शोधत बसू नका हो, मोहऱ्यांची मारामारी करून अदलाबदल करा, साधं खेळा.

घरी गेल्यावर डाव इंजिनवर (चाली तपासणाऱ्या बुद्धिबळाच्या सॉफ्टवेअरवर) टाका. आपल्या आणि इंजिनच्या चालीत अर्ध्या प्याद्याहून कमी फरक असेल तिथं सोडून द्या. जिथं मोहरं किंवा मात सुटली तेवढ्याच पोझिशन वहीत उतरवा आणि पुढच्या रविवारच्या आधी पटावर मांडून पुन्हा सोडवा, मोबाईल लांब ठेवून.